हातावर पोट असणारे सभासद आणि पतसंस्था: दहा हजारांचं कर्ज परवडतं का?

रोजकीर्द (धागाकर्ता)

पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात 'समाजातील शेवटच्या घटकापर्यंत' हे वाक्य हमखास असतं. कर्ज खतावणी उघडली की मात्र पगारदार, दुकानदार आणि प्लॉटवाले दिसतात. भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायका, बिगारी, हातगाडीवाले सभासद असतात ते पिग्मीपुरते, म्हणजे एजंटने रोज गोळा करायच्या बचतीपुरते. रोज पन्नास-शंभर त्यांनी भरायचे, कर्ज दुसऱ्यांना जायचं.

हा धागा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या नागरी आणि ग्रामीण बिगरशेती पतसंस्थांपुरता ठेवू. मल्टिस्टेट, नागरी बँका, मायक्रोफायनान्स कंपन्या यांचे नियम वेगळे आहेत.

मंडईतला रोजचा हिशेब मांडतो. खाजगी 'डेली'वाला १०,००० चं कर्ज देतो, १,००० आधीच कापून ९,००० हातात ठेवतो आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस घेतो. बाईला वाटतं हजार रुपये व्याज, म्हणजे दहा टक्के. पण मुद्दल रोज कमी होत असतं. सरासरी साडेचार हजारच तिच्याकडे राहिले आणि त्यावर १०० दिवसांत हजार गेले. वर्षाचा दर काढला तर ८० टक्क्यांच्या आसपास जातो.

तेच १०,००० पतसंस्थेने १५ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), सहा महिन्यांसाठी दिले तर व्याज होतं सुमारे ४४०. रोज ७० रुपये दिले तर १५० भरण्यांत कर्ज फिटतं. एवढा फरक असूनही बाई डेलीवाल्याकडे जाते. तो पहाटे पाचला मंडईत असतो, कागद मागत नाही आणि हप्ता रोजचा घेतो. आपण सकाळी साडेदहाला शटर उघडतो, दोन पगारदार जामीनदार मागतो आणि दर महिन्याच्या १० तारखेला एकदम १,७४० आणायला सांगतो. दर आणखी दोन टक्के उतरवून यातलं काही बदलणार नाही.

तर प्रश्न असे: जामीनदाराऐवजी काय धरायचं? हप्ता कसा बांधायचा? आणि यात संस्थेचा खर्च निघतो का?

---

तेरीज_पत्रक

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण संचालक मंडळात घोडं तिथेच अडतं.

तुमच्याच उदाहरणात १०,००० वर सहा महिन्यांचं व्याज ४४२. सरासरी येणं बाकी ५,९००. ठेवींचा खर्च ८ टक्के धरला तर त्यातले २३६ गेले. हप्ते पिग्मी एजंट गोळा करणार आणि त्याला ३ टक्के कमिशन असेल तर १०,४४२ वर ३१३. बेरीज ५४९. म्हणजे शाखेचा पगार, भाडं, बुडीत तरतूद (बुडणाऱ्या कर्जासाठी बाजूला ठेवायची रक्कम) धरण्याआधीच १०७ रुपये तोटा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

यावर उपाय दर २४ टक्के करणं नव्हे. एजंट त्या बाईकडे पिग्मीसाठी रोज जातोच आहे. कर्जाच्या हप्त्यावर वेगळं, निम्मं कमिशन ठेवा. दीड टक्क्याने १५७ होतात. वर १५० रुपये सेवाशुल्क एकदाच घ्या आणि ते स्पष्ट सांगा. आता ४४२ अधिक १५० म्हणजे ५९२ आले, ३९३ गेले. उरलेल्या २०० मध्ये १ टक्का बुडीत तरतूद आणि थोडा शाखाखर्च बसतो. सभासदाला हे सगळं धरून वर्षाला २० टक्के पडतात. स्वस्त म्हणणार नाही, पण ८० च्या जागी २० आहेत.

आणि सांगताना टक्के सांगू नका. "१०,००० घेतले, १०,५९२ फेडायचे, रोज ७० प्रमाणे १५२ दिवस, शेवटच्या दिवशी २२" असं पासबुकाच्या पहिल्या पानावर मराठीत छापा.

फ्लॅट पद्धतीबद्दल एक, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. २०,००० वर '१२ टक्के फ्लॅट' एक वर्षासाठी म्हणजे २,४०० व्याज. घटत्या शिलकीच्या हिशेबात तो दर साडेएकवीस पडतो. घटत्या शिलकीवर १५ टक्के लावले तर व्याज १,६६२ च होतं. बारा हा आकडा पंधरापेक्षा लहान दिसतो म्हणून लोक फसतात. काही संस्थाही यात स्वतःच फसतात आणि आपण स्वस्त देतो असं मनापासून मानतात.

---

जीडीसीए_सातारा

हातात किती पडतात तेही बघा. २०,००० मंजूर. ५ टक्के शेअर्स कपात १,०००, प्रक्रिया शुल्क २००, फॉर्म आणि नोटरी १००, आणि स्टॅम्प ५००. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभरच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा आला. घरकर्जात तो कुणाला जाणवला नाही, लहान कर्जात मात्र नाकापेक्षा मोती जड झाला. हातात आले १८,२००, व्याज २०,००० वर.

यातून वाट म्हणजे प्रत्येक कर्जाला नवा करारनामा न करता मर्यादा मंजूर करणं. एकदाच ३०,००० ची तीन वर्षांची मर्यादा, कागद एकदाच, सभासद त्यात घेतो आणि भरतो. ५०० चा खर्च सहा-सात उचलींवर वाटला जातो. मात्र वर्षाला एकदा तरी खातं पूर्ण शून्यावर आलं पाहिजे अशी अट ठेवा, नाहीतर मर्यादा हीच कायमची थकबाकी बनते.

दुसरं, रोखीचा नियम. आयकर कायद्यानुसार २०,००० किंवा जास्त रकमेची ठेव वा कर्ज रोखीने घेता येत नाही आणि परतही करता येत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा लागू शकतो. रोख ठेव घेताना बँकांना यातून सूट आहे, पतसंस्थेला नाही. रोज १०० ची पिग्मी वर्षाला ३६,५०० होते आणि मुदतीनंतर ती काउंटरवर रोख मोजून दिली की नियम मोडला. यापेक्षा कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे आधीची शिल्लक २०,००० झाली की त्यानंतरचा शंभराचा रोख भरणाही यात येतो. सबळ कारण दाखवलं तर दंड माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर शाखा चालवू नये.

म्हणून बँक खातं नसलेल्या सभासदाला आधी जनधन खातं काढून देणं हे संस्थेच्याच फायद्याचं आहे. किमान शिलकीची अट नाही. पॅन नसेल तर त्याऐवजीचं घोषणापत्र भरून घ्या. 'पॅन आणल्याशिवाय सभासद करत नाही' हे काउंटरवरचं उत्तर बंद करा.

---

माणगंगाकाठ

हप्त्याबद्दल. 'दरमहा' हा पगारदाराचा ताल आहे. बाकीच्यांचा पैसा कसा येतो त्यावर हप्ता बांधावा लागतो.

भाजी, फळं, मासळी, चहाटपरी: रोज. सहा दिवसच धरा, मंडईच्या सुट्टीचा वार सोडा.

बिगारी, गवंडी: आठवड्याचा बाजार असतो त्या दिवशी पगारवाटप होतं. हप्ता त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे शिल्लक नसतात.

घरकाम: महिन्याच्या ५ ते १० तारखेत, पण तीन-चार घरांतून तुकड्यांनी. म्हणून दोन भागांत घ्या, ५ ला अर्धा, १० ला अर्धा.

ऊसतोड: ही सगळ्यात अवघड. मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो, हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततो. मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेतलेली असते, त्यामुळे हंगामात हातात रोख फारशी येत नाही. उचलीची फेड करायला पतसंस्थेने कर्ज द्यावं असं वाटतं खरं, पण मजुराने पुढच्या वर्षीची उचल पुन्हा घेतली तर दोन्ही कर्जं अंगावर बसतात. त्यापेक्षा जून ते सप्टेंबरसाठी, गावात असताना, शेळ्या किंवा शिवणकामाला लहान कर्ज जास्त टिकतं.

संचालक मंडळाला हे पटवायचं तर एक पान पुरे होतं. बारा महिने, प्रत्येकापुढे आवक आणि ठरलेला खर्च: शाळेची फी जूनमध्ये, सण ऑगस्ट ते ऑक्टोबर, लग्नसराई मे. ज्या महिन्यात उरत नाही तिथे हप्ता शून्य लिहायचा. थकबाकीचा मोठा भाग याच शून्याच्या महिन्यांत हप्ता लावल्यामुळे तयार होतो.

---

दर्याकाठी

किनाऱ्यावरचं यात घाला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात मासळी विकणाऱ्या बायकांना या दोन महिन्यांत सुकी मासळी सोडली तर विक्रीच नसते. १ ऑगस्टपासून एकदम भांडवल लागतं, बर्फ, टोपल्या, लिलावाला रोख. कर्ज जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर होऊन पडलं तरच उपयोग. १० ऑगस्टला दिलंत तर तोवर तिने दलालाकडून घेतलेले असतात आणि मासळी त्यालाच घालायला बांधली गेलेली असते.

---

सोनारआळी

जामीनदार नसेल तर सोनं. बँक नाही, पगार नाही, तरी बहुतेक घरांत दोन-चार ग्रॅम असतात. पण लहान दागिन्यातच चुका जास्त होतात.

वजन नेहमी निव्वळ धरा. मंगळसूत्र १४.२०० ग्रॅम भरलं, त्यात काळे मणी आणि तार २.९०० निघाली, वाट्यांच्या आत भरलेली लाख ०.८०० असेल. कर्जासाठी सोनं १०.५०० ग्रॅम. पावतीवर तिन्ही आकडे लिहा, सोडवताना 'माझं चौदा ग्रॅम होतं' हा वाद तिथेच मिटतो. भाव त्या दिवशीचा न धरता मागच्या तीस दिवसांची सरासरी घ्या आणि त्याच्या ७५ टक्क्यांवर जाऊ नका. हॉलमार्कवरचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) असेल तर मोबाइलवर तपासता येतो. जुन्या घरगुती दागिन्यांवर तो नसतो, म्हणून त्यांना नकार देऊ नका, कसोटी लावा.

पारखणारा सराफ एकच आणि तोही संचालकाचा नातलग, ही सगळ्यात धोक्याची जोडी. दोन सराफ आळीपाळीने ठेवा आणि दर तिमाहीला तिसऱ्याकडून काही पाकिटं उघडून तपासा.

गरीब सभासदाचं सोनं लिलावात जातं ते सहसा एकरकमी परतफेडीमुळे. बारा महिन्यांनी मुद्दल-व्याज एकदम आणायचं, ते जमत नाही. सोनेतारणातही दर आठवड्याला शंभर-दोनशे भरून घ्यायची सोय ठेवा, आणि अर्धं कर्ज फिटल्यावर दोन दागिन्यांपैकी एक सोडा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण वसुली यानेच सरळ होते.

---

दुसरी_चावी

आतापर्यंत कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पिग्मीचा एसएमएस कुणाच्या मोबाइलवर जातो? फॉर्मवर बाईने नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर दिलेला असतो. तिने गुपचूप साठवलेले चार हजार घरात सगळ्यांना कळतात आणि पुढच्या आठवड्यात ते काढले जातात. फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा: हा फोन कोणाचा? संदेश पाठवायचा का? 'नको' म्हणाली तर छापील पावती द्या, आणि पासबुक शाखेत ठेवायची सोय द्या.

तसंच, सभासद अर्जावर 'पतीची संमती' हा रकाना अजूनही काही ठिकाणी छापलेला असतो. कायद्याला तो लागत नाही. काढून टाका.

सरकारी अनुदानाचा घोळ वेगळाच. लाडकी बहीण योजनेचे १,५०० किंवा इतर कुठलंही थेट हस्तांतर पतसंस्थेच्या खात्यात येत नाही. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडलं गेलं, तिथे जातं. बायकांची दोन-तीन बँक खाती असतात आणि पैसे कुठे गेले तेच कळत नाही. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. शाखेत एक माणूस आठवड्यातून दोन दुपारी एवढं जरी बघून देईल, तरी त्या बायका संस्थेला सोडणार नाहीत. मात्र आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, आधी आधार केंद्रावर पाठवावं लागतं.

आणि मे महिन्यात प्रत्येकीला आठवण करा की बँक खात्यात ४५६ रुपये राहू द्या. ४३६ जीवनज्योती विम्याचे, २० सुरक्षा विम्याचे. जूनला वर्ष बदलतं, खातं रिकामं असेल तर हप्ता कापला जात नाही आणि दोन-दोन लाखांचं संरक्षण जातं. हे बँकेचं काम आहे हे मान्य, पण बँक आठवण करत नाही.

---

वसुली_१०१

सोनं नसलेल्यांसाठी पाच जणींचा गट हा उपाय सगळे सुचवतात. चालतो. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत खानावळी चालवणाऱ्या बायकांचं अन्नपूर्णा मंडळ उभं केलं तेही परस्पर हमीवरच. फसतो कुठे ते सांगतो.

एक: गटातली एक 'ताई' बाकी चौघींच्या नावावर उचलते. कर्ज दिल्यावर सातव्या-आठव्या दिवशी, न सांगता, प्रत्येकीच्या घरी जाऊन "पैशाचं काय केलं" विचारा. माल, मशीन, फीची पावती, काहीतरी दिसलं पाहिजे.

दोन: त्याच बायकांवर दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचे हप्ते आधीच असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाने त्या कंपन्यांना कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर हप्ते जाऊ देता येत नाहीत. पतसंस्थेला तो नियम लागू नाही, पण मर्यादा घ्यावी, शक्यतो ४० चीच. बहुतेक पतसंस्थांची कर्जं सिबिलमध्ये (कर्जनोंदींच्या यादीत) दिसत नाहीत, त्यामुळे कंपनीला आपलं कर्ज कळत नाही. आपण विचारलं नाही तर आपल्याला त्यांचं कळत नाही. कंपन्यांची हप्ताकार्डं घरात असतात, ती बघायला मागा.

तीन: पहिलं कर्ज मोठं देणं. त्याऐवजी पिग्मी सलग १२० दिवस, त्यात किमान १०० भरणे, मग शिलकीच्या तिप्पट किंवा १०,००० यांतलं कमी. ते वेळेत फिटलं तर पुढचं २०,०००. इथे पिग्मीची नोंद हाच जामीन.

वसुलीला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि मग कलम १५६, नियम १०७ ची जप्ती हा रस्ता आहेच, पण ८,००० च्या बाकीसाठी तो संस्थेलाच महाग पडतो. लहान कर्जात वसुली पहिल्या आठवड्यात होते किंवा होत नाही. सलग तीन भरणे चुकले की एजंटने नव्हे, शाखेतल्या माणसाने त्याच दिवशी जायचं. आजारपण असेल तर लेखी पंधरा दिवसांची सूट द्या आणि हप्ते पुढे ढकला.

आणि नवं-जुनं करू नका. मार्चअखेर थकलेलं कर्ज नव्या कर्जाने भरून घेतलं की ताळेबंद स्वच्छ दिसतो, आणि बाईच्या डोक्यावर व्याजाचंही मुद्दल होतं.

---

शंकेखोर

सगळं ठीक, पण मुळात त्यांनी पिग्मी तरी का भरावी? बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेत नाही. संस्था बुडाली तर भाजीवालीचे वीस हजार कुठून येणार?

---

रोजकीर्द

शंकेखोर, मुद्दा बरोबर आहे आणि तो अर्जावरच ठळक छापावा असं माझं मत आहे. ठेवीदार संरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा आहे, पण त्यात मालमत्ता विकून पैसे हाती यायला वर्षं जातात.

सभासदाने तीन गोष्टी बघाव्यात: लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचं प्रमाण, आणि संचालक व नातलगांकडची कर्जं. वार्षिक अहवाल मागायचा त्याला हक्क आहे. संस्थेने मोठी रक्कम साठवायला लावू नये. पिग्मी दहा-पंधरा हजारांवर गेली की जास्तीचे पैसे सभासदाच्या स्वतःच्या बँक खात्यात टाकावेत. वर सांगितलेला २०,००० चा रोख नियमही त्यात सांभाळला जातो.

पिग्मीतली चोरी बहुतेक वेळा एजंटकडे होते. १०० घेऊन ५० ची नोंद, किंवा दोन दिवसांचे पैसे तिसऱ्या दिवशी. मशीनची पावती सभासद टाकून देतो. म्हणून दर महिन्याला दहा टक्के खात्यांची शिल्लक शाखेतून थेट सभासदाला विचारून जुळवा, आणि वर्षातून एकदा एजंटच्या वाटा बदला. मुदतीआधी खातं बंद केलं की व्याज शून्य करून वर एजंटचं ३ टक्के कमिशनही सभासदाकडून कापणं, ही पद्धत सर्रास आहे. अडचणीत आलेला माणूसच मुदतीआधी बंद करतो, म्हणजे दंड नेमका त्यालाच. आजारपण आणि मृत्यू या दोन कारणांना तरी ती कपात रद्द करा.

---

नवी_शाखा

एक शंका. पोटनियमात किमान शेअर्स १,००० चे आहेत आणि एकरकमी. नाममात्र सभासद करून घेतलं तर चालेल ना?

---

जीडीसीए_सातारा

कायद्यात नाममात्र सभासद आहे, पण त्याला मत नाही आणि नफ्यात वाटाही नाही. गरिबांना घाऊक नाममात्र करून ठेवलं की त्यांची बचत संस्थेत असते आणि सभेत त्यांचं कुणी नसतं. आयकर सवलतीच्या वादातही नाममात्र सभासदांची संख्या हाच मुद्दा पुढे येतो.

त्याऐवजी पोटनियम दुरुस्त करा: १०० चा एक शेअर आणि प्रवेश फी भरून सभासदत्व, उरलेले ९०० पिग्मीतून रोज ५ प्रमाणे, म्हणजे १८० भरण्यांत. दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते, नोंद होईपर्यंत ती लागू होत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत असते, नोटीस चौदा दिवस आधीची. म्हणजे मसुदा ऑगस्टमध्ये मंडळापुढे आला पाहिजे. मसुद्यात वारसनोंदीचा रकाना सक्तीचा करून टाका, नंतर दोन-तीन हजारांच्या शेअर्ससाठी वारस दाखला मागत बसण्याची वेळ येते.